युकुलेले बदलण्याआधी तारा बदला



आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात कविता आणि ट्रेकची वर्णने दरवर्षी भरपूर असतात. यंदा संपादकांनी "काहीतरी टेक्निकल, पण मराठीतून दे" असा हुकूम सोडला, तेव्हा मी म्हटलं, तारांवर लिहिते. "ट्रान्समिशन लाइनच्या का?" असं त्यांनी विचारलं. नाही हो, युकुलेलेच्या!

युकुलेले म्हणजे गिटारच्या धाकट्या बहिणीसारखं दिसणारं चार तारांचं वाद्य. लाडाचं नाव युक. हलकं असतं, गिटारपेक्षा स्वस्त मिळतं आणि हॉस्टेलच्या कपाटात मावतं, त्यामुळे गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बरीच युकुलेले आली. पण त्यातली निम्मी आज खाटेखाली धूळ खात पडली आहेत. कारण विचारलं की तीन उत्तरं मिळतात. "आवाज चांगला नाही", "ट्यून राहत नाही" आणि सगळ्यात वाईट म्हणजे "मला जमतच नाही". माझं म्हणणं असं आहे, की यातल्या बऱ्याच केसेसमध्ये वाद्यही निर्दोष असतं आणि वाजवणाराही. दोष असतो तो विकत घेतल्यापासून एकदाही न बदललेल्या तारांचा. स्टीलची तार गंजते, तुटते, म्हणून गिटारवाले ती बदलतात. युकची तार प्लॅस्टिकची. ती गंजत नाही, तुटत नाही, म्हणून कुणी तिच्याकडे बघतच नाही. पण न तुटलेली तार म्हणजे चांगली तार, असं नसतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'ताण' म्हटलं की डोक्यात आधी 'टेन्शन' येतं. या लेखात दोन्ही शब्द येतील. दोन्ही प्रकारचं टेन्शन कमी करणं हाच लेखाचा उद्देश आहे!

थोडा इतिहास

नाव हवाई बेटांचं असलं तरी युकुलेलेचं मूळ पोर्तुगीज आहे. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर 'माशेत' नावाचं छोटं तंतुवाद्य वाजवलं जायचं. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज मदेराच्या लोकांना घेऊन होनोलुलूला पोचलं. ही मंडळी उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आली होती. त्यांच्यात मान्युएल नुनेश, ऑगुस्तो दियाश आणि जुझे दु इस्पिरितु सांतु हे तिघे लाकूडकामातले कारागीर होते. पुढे त्यांनी होनोलुलूत वाद्यं बनवायला सुरुवात केली आणि माशेतपासून युकुलेले जन्माला आलं. हवाईच्या राजा कालाकौआला ते आवडलं आणि मजुरांचं वाद्य थेट दरबारात गेलं. नावाचा प्रचलित अर्थ आहे 'उड्या मारणारी पिसू'! तिथले लोक उच्चार मात्र 'ऊकुलेले' असा करतात. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं, तिथे हवाईचं संगीत ऐकून अमेरिकेत या वाद्याची लाटच आली.

त्या काळात तारा आतड्याच्या असत, म्हणजे प्राण्यांची आतडी स्वच्छ करून, पीळ देऊन, वाळवून केलेल्या. दमट हवेत त्या फुगायच्या आणि पटकन तुटायच्या. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर गिटारवर नायलॉनच्या तारा आल्या आणि हळूहळू युकवरसुद्धा. १९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने मासेमारीसाठी फ्लोरोकार्बनचा दोरा आणला. तो पाण्यात जवळजवळ दिसत नाही, म्हणून गळाला चांगला. पुढे वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की हा दोरा सुरातही चांगला आहे! १९९० च्या दशकात इटलीच्या अक्विला कंपनीने 'नायलगट' काढलं. आतड्याच्या तारेचा गुण हवा पण तिचा त्रास नको, म्हणून बनवलेलं हे सिंथेटिक मटेरियल. आज दुकानात गेलात तर मुख्यतः हीच तीन नावं समोर येतात : नायलॉन, नायलगट, फ्लोरोकार्बन.

थिअरी (घाबरू नका, एकच सूत्र आहे)

युकच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. मांडीवर धरल्यावर हनुवटीजवळची तार जी (३९२ हर्ट्झ), मग सी (२६१.६), ई (३२९.६) आणि सगळ्यात खालची ए (४४०). गंमत बघा, पहिली जी तार पुढच्या सी आणि ई या दोन्हींपेक्षा उंच आहे. गिटारवाल्यांना हे विचित्र वाटतं. पण ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना वाटणार नाही. तिथेही आधी पंचम, मग दोन षड्ज आणि शेवटी खर्ज, म्हणजे तारा चढत्या क्रमाने नसतातच. युकच्या त्या खळखळत्या आवाजाचं गुपित या उंच जी तारेत आहे.

आता सूत्र. सतराव्या शतकात फ्रान्सच्या मारँ मेर्सेनने तारांचे नियम मांडले. आपण फर्स्ट इयरला सोनोमीटरवर केलेला प्रयोग तोच!

ताण = एक मीटर तारेचं वस्तुमान × (२ × लांबी × वारंवारता) चा वर्ग

उदाहरण घेऊ. कॉन्सर्ट साइझच्या युकमध्ये नट ते सॅडल हे अंतर सुमारे ३८ सेंटीमीटर असतं. (नट म्हणजे नाटकातला नव्हे, तर मानेच्या टोकाला खाचा पाडलेली पट्टी. सॅडल म्हणजे ब्रिजवरची पांढरी पट्टी, सतारीच्या भाषेत घोडी.) सी तारेसाठी २ × ०.३८ × २६१.६ म्हणजे १९८.८, आणि त्याचा वर्ग सुमारे ३९,५००. फ्लोरोकार्बनची घनता सुमारे १.७८ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. ०.८६ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचं वजन भरतं जवळजवळ १.०३ ग्रॅम. गुणाकार केला की ताण येतो सुमारे ४१ न्यूटन, म्हणजे चार किलोच्या वर. बाकीच्या तिघी ३७-३८ न्यूटनच्या आसपास ठेवल्या, तर चौघी मिळून पंधरा किलोपेक्षा जास्त ओढ त्या एवढ्याशा ब्रिजवर चोवीस तास असते. सबमिशनच्या आठवड्यात आपल्यावरसुद्धा एवढं टेन्शन नसेल.

या सूत्रातून तीन गोष्टी शिकायच्या.

पहिली गोष्ट. लांबी वाद्य बनवणाऱ्याने ठरवली आहे आणि वारंवारता सुराने. तुमच्या हातात उरतं ते फक्त दर मीटरचं वस्तुमान, म्हणजे तारेची जाडी आणि तिचं मटेरियल. वाद्याचा हा एकच भाग तुम्ही सुतारकाम न करता, स्वतःच्या हाताने, दरवेळी नव्याने डिझाइन करू शकता.

दुसरी गोष्ट. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास आहे, फ्लोरोकार्बनपेक्षा बरीच कमी. तेवढाच ताण हवा असेल तर नायलॉनची तार सुमारे २५ टक्के जाड घ्यावी लागते. आपल्या उदाहरणात ०.८६ च्या जागी १.०७ मिलिमीटर. आता स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आठवा. गोल सळईचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. व्यास सव्वापट झाला तर विरोध जवळजवळ अडीचपट. (दोन्ही मटेरियल्सचा मॉड्युलस फार वेगळा नाही असं धरून हं!) जाड, ताठ तार मोकळेपणाने थरथरत नाही. वरचे हार्मोनिक्स लवकर विझतात आणि आवाज बद्द येतो. स्वस्त युकवर सी तार नेहमी 'धप्प' वाजते, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तिसरी गोष्ट. लांबीसुद्धा वर्गात आहे. ३८ सेंटीमीटरच्या कॉन्सर्टवरची तार ४३ सेंटीमीटरच्या टेनरवर त्याच सुरात लावली, तर ताण २८ टक्के वाढतो. म्हणून पाकिटावर सोप्रानो, कॉन्सर्ट की टेनर लिहिलंय ते बघूनच घ्या. बॅरिटोनचा सेट तर घेऊच नका, तो वेगळ्या सुरांसाठी असतो. तुमचं युक कुठल्या साइझचं आहे ते माहीत नसेल तर नट ते सॅडल पट्टीने मोजा. ३५ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर सोप्रानो, ३८ असेल तर कॉन्सर्ट, ४३ असेल तर टेनर.

कुठला सेट घ्यावा?

नायलॉन : स्वस्त, बोटांना मऊ, आवाज गोल. पण नायलॉन पाणी पितं. पूर्ण भिजलं तर स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत! जुलै महिन्यात आपल्या खोल्यांमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे नायलॉनची तार सुरात कशी राहणार? सकाळी लावलेलं युक संध्याकाळी उतरलेलं असतं, आणि आपण दोष खुंट्यांना देतो.

नायलगट : बहुधा पांढरी आणि हाताला थोडी खरखरीत. घनता आतड्याच्या तारेजवळ, म्हणजे १.३ च्या आसपास. आवाज भरदार आणि मोठा. ज्यांचं युक प्लायवूडचं आणि दबक्या आवाजाचं आहे त्यांनी हा सेट आधी बघावा. एक सूचना : सॅडलची धार टोकदार असेल तर ही तार तिथे कापली जाऊ शकते.

फ्लोरोकार्बन : काचेसारखी पारदर्शक, बारीक आणि गुळगुळीत. पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे पावसाळ्यात सूर टिकवण्यात ही सगळ्यात पुढे. आवाज स्वच्छ, सूर लांब रेंगाळतो, सी तार मोकळी वाजते. मात्र काही पातळ आवाजाच्या सोप्रानोवर ही थोडी टोचरी वाटते. मार्टिन आणि जपानच्या वर्थ कंपनीचे फ्लोरोकार्बन सेट प्रसिद्ध आहेत.

आता प्रश्न असा, की यातला 'बेस्ट' कुठला? हे ठरवायला आम्ही आमच्या विंगमध्ये एक प्रयोग केला. एकाच कॉन्सर्ट युकवर तिन्ही प्रकार पाळीपाळीने चढवले. प्रत्येक सेटला आठवडाभर स्थिर होऊ दिलं. मग त्याच खोलीत, त्याच मोबाईलवर, एका फुटावरून तेच चार कॉर्ड्स रेकॉर्ड केले. जुन्या तारांचं रेकॉर्डिंग आधीच करून ठेवलं होतं. सगळ्या क्लिप्स नाव न सांगता मैत्रिणींना ऐकवल्या. निकाल? नव्या सेट्सबद्दल एकमत झालंच नाही. कुणाला नायलगट 'भरलेला' वाटला, कुणाला फ्लोरोकार्बन 'क्लिअर', एकीला तर साधं नायलॉनच आवडलं. एकमत झालं ते फक्त एका गोष्टीवर. जुना सेट सगळ्यात वाईट!

म्हणजे जुन्यातून नव्यात जाण्याचा फरक ब्रँड-ब्रँडमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. त्यामुळे 'बेस्ट सेट' शोधत सेमिस्टर घालवू नका. मिळेल तो योग्य साइझचा नवा सेट आणा आणि चढवा. पुढच्या वेळी दुसरं मटेरियल घेऊन बघा आणि स्वतःच्या कानाने ठरवा.

तार म्हातारी झाली हे कसं ओळखावं?

तीन चाचण्या आहेत.

१. नखाची चाचणी : तारेच्या खालच्या बाजूने, पहिल्या पाच फ्रेट्सवर नख फिरवा. जिथे ती फ्रेटवर घासते तिथे खाचा लागल्या, तर तार संपली.

२. डोळ्यांची चाचणी : तार वाजवून उजेडात बघा. थरथरताना ती एकसारखी फुगीर दिसायला हवी. वेडीवाकडी नाचत असेल तर तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.

३. बाराव्या फ्रेटची चाचणी (ही सगळ्यात महत्त्वाची) : मोकळी तार ट्यूनर अ‍ॅपवर बरोबर लावा. मग बाराव्या फ्रेटवर हलकेच दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. तो पाच-दहा सेंट इकडेतिकडे असेल तर चालतं. (सेंट म्हणजे एका सेमीटोनचा शंभरावा भाग.) वीस-पंचवीस सेंटचा फरक असेल तर मोकळ्या तारा कितीही अचूक लावा, पुढचे कॉर्ड बेसूरच येणार.

कृती

साहित्य : नवा सेट, नेलकटर किंवा वायर कटर (लॅबमधून आणलात तर प्लीज परत करा!), मऊ कापड, शिसपेन्सिल, जुनं व्हिजिटिंग कार्ड, ट्यूनर अ‍ॅप.

१. जुन्या चारही तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. शेजारची तार कशी बांधली आहे ते बघायला समोर नमुना राहतो, आणि सॅडलही निसटत नाही.

२. ताणलेली तार कधीही कापू नका. आधी खुंटी सैल करा, मग सोडवा.

३. व्हिजिटिंग कार्ड ब्रिजच्या मागे ठेवा. तारेचं टोक सुटलं तर पॉलिशवर ओरखडा पडणार नाही.

४. ब्रिज दोन प्रकारचे असतात. खाचेचा ब्रिज सोपा. तारेच्या टोकाला सुईच्या दोऱ्याला मारतो तशी गाठ मारा आणि खाचेत अडकवा. बारीक ए तारेला दुहेरी गाठ मारा. बांधायचा ब्रिज असेल तर तार साउंडहोलच्या बाजूने भोकात घाला आणि मागून आठ-दहा सेंटीमीटर बाहेर काढा. ते टोक ब्रिजच्या वरून पुढे आणा, भोकात शिरणाऱ्या तारेच्या खालून घ्या, आणि परत मागे नेऊन स्वतःच्याच वेढ्याखालून सरकवा. जाड सी तारेला एकदा पुरतं, बारीक तारांना दोन-तीनदा सरकवा. मुख्य गोष्ट म्हणजे टोक शेवटी जिथे दाबलं जातं ती जागा ब्रिजच्या वर नको, मागच्या उभ्या बाजूवर हवी. तिथे तारेचा ताण स्वतःच गाठ आवळतो. वर राहिली तर रात्री दोन वाजता 'टण्ण' असा आवाज येईल आणि अख्खी विंग उठेल.

५. नटच्या खाचेत शिसपेन्सिल दोन-चार वेळा फिरवा. ग्राफाइट हे उत्तम कोरडं वंगण आहे. ट्यून करताना तार खाचेत अडकून मग 'टक्' करून उडी मारत असेल तर ते बंद होतं.

६. तार खुंटीच्या भोकात घाला आणि थोडी ढिली ठेवा. खुंटीवर जाड तारेचे दोन आणि बारीक तारेचे तीन-चार वेढे येतील एवढी ढील पुरे. वेढे एकमेकांवर चढवू नका, खालच्या दिशेने शेजारी-शेजारी येऊ द्या.

७. लगेच पूर्ण सुरात नेऊ नका. आधी दोन-तीन सूर खाली ठेवा आणि चारही तारा बदलून झाल्यावर हळूहळू वर आणा.

८. बाराव्या फ्रेटजवळ तार दोन बोटांनी हलकेच वर ओढा, एखादा सेंटीमीटर. सूर उतरेल. परत लावा. असं पाच-सहा वेळा करा. जोर लावू नका.

९. उरलेली शेपटी लगेच कापू नका. दोन दिवसांनी, गाठ पक्की बसल्यावर कापा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं : धीर धरा! नवी तार पहिले तीन-चार दिवस सतत उतरते. ही तार खराब असल्याची खूण नाही. मटेरियल सायन्समध्ये आपण 'क्रीप' शिकलो. सततच्या ताणाखाली पॉलिमर हळूहळू लांबत जातं आणि हा वेग दिवसेंदिवस कमी होतो. परीक्षेत हे लिहून आपण मार्क मिळवतो, आणि खोलीत तेच घडलं की म्हणतो, "सेट डुप्लिकेट निघाला!" म्हणून गॅदरिंगच्या आदल्या रात्री तारा बदलू नका, निदान आठवडा आधी बदला.

एक केस

आमच्या विंगमध्ये मेकॅनिकलची एक ज्युनियर आहे. स्कॉलरशिपमधून वाचवलेल्या पैशांत तिने एक सेकंडहँड कॉन्सर्ट युक घेतलं होतं. दोन महिने रोज तासभर बसायची. मग एक दिवस नोटीस बोर्डावर 'युकुलेले विकणे आहे' अशी चिठ्ठी लावायला निघाली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "ताई, माझ्यात सूरच नाहीये. शाळेत पण कोरसमध्ये मला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव." एका दुकानात तिने युक दाखवलं होतं, तिथे "बॉडीच हलकी आहे, नवीन घ्या" असा सल्ला मिळाला होता. नवीन घ्यायला पैसे कुठले?

मी तिला विचारलं, नक्की कुठे वाईट वाजतं? ती म्हणाली, "मोकळ्या तारा बरोबर लावते ना मी, अ‍ॅप हिरवं दाखवतं. पण वरच्या फ्रेट्सवर गेलं की घाण वाजतं. ए तार तर सगळ्यात जास्त."

आम्ही बाराव्या फ्रेटची चाचणी केली. ए तार सव्वीस सेंट चढी होती, ई अठरा. नख फिरवलं तर करवतीसारख्या खाचा. म्हणजे ती सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. तार चुकते आहे, कुठली चुकते आहे आणि कुठून पुढे चुकते आहे, हे सगळं तिच्या कानाने अ‍ॅपच्या आधी पकडलं होतं. ज्याला बेसूर ऐकूच येत नाही तो खुशाल वाजवत राहतो. हिला ऐकू येत होतं, म्हणून तर ती वैतागली होती! मी तिला म्हटलं, तुझा कान हे या खोलीतलं सगळ्यात चांगलं मेझरिंग इन्स्ट्रुमेंट आहे, तेच विकायला काढू नकोस.

फ्लोरोकार्बनचा सेट मागवला. तारा तिनेच चढवल्या, मी फक्त बाजूला बसले होते. चार दिवसांनी परत मोजलं तर ए तार सहा सेंट, ई चार. ब्रिज तोच, बॉडी तीच, बोटंही तीच.

फेब्रुवारीच्या गॅदरिंगला ती एकटी स्टेजवर वगैरे गेली नाही. आमच्या चौघींच्या ग्रुपमध्ये मागच्या बाजूला बसून वाजवत होती. पण नुसते ओठ हलवले नाहीत, खऱ्या आवाजात गायली.

सगळ्याच केसेस अशा सुटतात असं नाही, हेही सांगायला हवं. नव्या तारा लावूनही बाराव्या फ्रेटवर मोठा फरक राहिला, तर नट किंवा सॅडलची उंची किंवा जागा चुकली असेल. ब्रिज मागून उचलला गेला असेल तर नव्या तारा लावूच नका, आधी वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. पण तोपर्यंत जाण्याआधी एक सेट बदलून बघायला काय हरकत आहे? नव्या युकच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे.

व्हायवा

प्रश्न : गिटारच्या स्टीलच्या तारा चालतील का?
उत्तर : नाही. सर्वांत बारीक, पाव मिलिमीटरची स्टीलची तार कॉन्सर्टवर ए सुरात लावली तर गणिताने ताण ४३ न्यूटन येतो, म्हणजे फार नाही. पण तिच्या शेजारची ०.३३ मिलिमीटरची तार त्याच सुरात लावली तर ताण थेट ७५ न्यूटन! शिवाय स्टील फारसं ताणलं जात नाही, त्यामुळे फ्रेटवर दाबलं की सूर लगेच चढतो, आणि प्लॅस्टिकचा नट कापला जातो तो वेगळाच.

प्रश्न : मासेमारीचा दोरा चालेल का?
उत्तर : खरा फ्लोरोकार्बन असेल आणि जाडी बरोबर असेल तर तत्त्वतः चालेल. पण बाजारात साधा मिळणारा दोरा बहुधा नायलॉनचा असतो. पाकीट नीट वाचा.

प्रश्न : 'लो जी' म्हणजे काय?
उत्तर : उंच जीच्या जागी एक सप्तक खालचा जी, १९६ हर्ट्झ. आवाजाला खोली येते, पण ती पिसूची उडी जाते. सी तारेएवढाच ताण हवा असेल तर फ्लोरोकार्बन १.१५ मिलिमीटर जाड लागतं, नायलॉन १.४३. एवढी जाड तार बद्दच वाजणार, म्हणून बारीक गाभ्यावर धातूची तार गुंडाळतात. वजन वाढतं, ताठपणा फारसा वाढत नाही. साध्या सेटमधली तार घेऊन तीच खाली उतरवू नका, ती लोंबकळेल.

प्रश्न : युकला खुंट्यांमध्ये गिअर नाहीत आणि त्या फिरून सुटतात. काय करू?
उत्तर : खुंटीच्या टोकाला छोटा स्क्रू असतो. तो पाव फेरा आवळा. जास्त नको.

प्रश्न : किती दिवसांनी बदलायच्या?
उत्तर : कॅलेंडर बघू नका, नख फिरवा. रोज वाजवत असाल तर दर सेमिस्टरला एकदा वरच्या तिन्ही चाचण्या घ्या. तारा बदलल्याची तारीख कागदावर लिहून साउंडहोलमधून आत चिकटवून ठेवा. वाद्य दुसऱ्याच्या हातात गेलं तरी त्याला कळेल.

तर मंडळी, या सुट्टीत खाटेखालचं युक बाहेर काढा, धूळ झटका आणि ए तारेखालून एकदा नख फिरवून बघा. खाचा लागल्या तर आमच्या विंगमध्ये या. कटर, पेन्सिल आणि पट्टी तयार आहे. तारा मात्र तुमच्या तुम्ही आणा, आणि वाजवायचं रात्री दहाच्या आत. रेक्टर मॅडमसुद्धा हे मॅगझिन वाचतात!